भरल्या श्वासाचं माप

नायगावच्या बीडीडी चाळीत कमळाबाई कासारेंकडे ब्लाउज शिवायला टाकायचं तर आधी परीक्षा द्यावी लागते. दारात उभं राहायचं, हात वर करायचे आणि बाई म्हणतील तसं करायचं. "घे श्वास. अजून घे. घाबरतेस काय, श्वासाला जीएसटी नाही. हां, ठेव तसाच. आता सोड." टेप दोनदा लागते. एक भरल्या श्वासाचं माप, एक रिकाम्या श्वासाचं. कापड बेतायचं ते भरल्या मापावर, हा बाईंचा कायदा. हल्लीच्या पोरींना सगळं अंगाला चिकटलेलं लागतं, त्या कुरकुरतात. त्यांना बाईंचं उत्तर ठरलेलं असतं, "नुसता फोटो नाही काढायचा बाय. ब्लाउज घालून हसता आलं पाहिजे, जेवता आलं पाहिजे, नवऱ्याशी भांडता आलं पाहिजे. टाका उसवला तर नाव माझं जातं."

आणि नाव होतं बरं का! पोलीस क्वार्टर्समधल्या बायका, हिंदू कॉलनीतल्या मास्तरणी, पारशी कॉलनीतली खोरशेदबाई, सगळ्या जिना चढून यायच्या. शेजारच्या चाळी पाडून तिथं टॉवर उभे राहत होते, क्रेनची घरघर दिवसभर चालू असायची, पण बाईंच्या मशीनचा आवाज तिच्यापुढे हटला नव्हता. कमळाबाईंचं माप चुकत नाही असं लोक म्हणायचे, आणि कुणी म्हणायला नसेल तर त्या स्वतःच म्हणायच्या. लाजणंबिजणं त्यांच्या गावी नव्हतं.

त्यांचे यजमान रामजी कासारे बेस्टच्या डेपोतून रिटायर झालेले, आणि चाळीचे बौद्धाचार्य. लग्न असो, नामकरण असो, नवीन घरात पाऊल टाकायचं असो, पांढरा सदरा घालून त्रिशरण-पंचशील द्यायला रामजीच लागायचे. आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेतलं रडकं पोर गप्प बसावं. तरुणपणी मोर्च्यांत घोषणा देऊन कमावलेला आवाज होता तो. वाईट इतकंच की विधी संपला रे संपला की आचार्य पहिले जिन्याखाली. खिशातून बंडल निघायचं, काडी पेटायची आणि मंगल भावना धुरात जायची. हल्ली तर खोकला विडीच्या आधीच हजर व्हायला लागला होता. कुणी बोललं की ते टॉवरकडे बोट दाखवायचे. "ही धूळ दिसत नाही काय तुम्हाला? आमच्या विडीवर काय उठता!"

अशात त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. नात संघमित्रा, घरात मित्रा. मुलगा डिलाईल रोडचा, विकास नावाचा, गुणी पोरगा. लग्न बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी, आणि विधी अर्थातच आजोबांच्या तोंडून. मित्रानं तशी अटच घातली होती, "आबा नसतील तर मी लग्न करत नाही." रामजींनी त्या दिवशी दोन विड्या जास्त ओढल्या, आनंदानं.

मित्राची नोकरी परळला. शहरात कुणाला कुठला कॅन्सर झाला याची मोजदाद जिथं होते, अशा एका ऑफिसात ती आकडे लावते. कुठल्या समाजात किती, पूर्वी किती, आता किती. एका संध्याकाळी चहा पिता पिता तिनं सहज विषय काढला.

"आबा, एक गंमत सांगू? शहर एक, हवा एक. तरी जुन्या आकड्यांत पारशी पुरुषांत फुप्फुसाचा कॅन्सर इतरांपेक्षा कमी."

"असणारच," रामजी म्हणाले. "पैसेवाले लोक. अंडी खातात."

"अंड्यांचा काय संबंध? ते विडी-सिगारेट ओढत नव्हते, म्हणून. आणि अमेरिकेत बघा, काळ्या पुरुषांत हा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असायचा."

"बघ!" रामजींनी मांडीवर थाप मारली. "तिथंही तेच. अन्याय."

"अन्याय आहेच. गरिबी, घाणेरडी कामं, उशिरा मिळालेलं औषध, सगळं आहे त्यात. पण पुढचं ऐका ना. त्यांच्या पुढच्या पोरांनी सिगारेट कमी धरली. तर तरुणांमधलं ते अंतर जवळजवळ मिटलं. उलट जिथं नव्यानं ओढायला लागले, तिथं काही वर्षांनी आकडा चढला. म्हणजे कुठलाच आकडा कुणाच्या कपाळावर लिहून आलेला नाही."

कमळाबाई काज करता करता ऐकत होत्या. "आणि बायका?"

"न ओढणाऱ्या बायकांनाही होतो आजी, धूळ-धूर निर्दोष नाहीच. पण तू आधी सांग, तंबाखू खातेस?"

"मी? छट्! आयुष्यात तोंडाला लावली नाही."

"आणि सकाळी तव्यावर भाजून दातांना लावतेस ते काय?"

"ती तंबाखू कुठेय? ती मशेरी!" कमळाबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांची जीभ अडखळली. तंबाखूच ती. वाण्याकडून तंबाखूच आणायची, तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, अख्ख्या मजल्याला ठसका लागायचा. चाळीतल्या कुठल्याही बाईला विचारा, तंबाखू कुणीच खात नाही, आणि मशेरी सगळ्या लावतात. मित्रा पोट धरून हसत सुटली. रामजींनाही जोर चढला.

"जाऊ दे गं मित्रा. आपल्या लोकांचं रक्तच तसं. माझ्या बापाची विडी, माझी विडी. पारश्यांचं रक्त वेगळं."

झालं! कमळाबाईंनी सुई खाली ठेवली.

"काय म्हणालात? रक्त? दर लग्नात उभे राहून लोकांना काय सांगता तुम्ही? जन्मानं कुणाचं काही ठरत नाही, हेच ना? त्यासाठी बाबासाहेब जन्मभर झिजले. आणि आता एका विडीसाठी तुम्हीच रक्त काढता होय? लाज नाही वाटत आचार्य म्हणवून घ्यायला?"

रामजींचा चहा कपातच राहिला. चाळीसमोर भाषणं ठोकणारा माणूस, पण बायकोनं त्यांचंच वाक्य त्यांच्या पदरात टाकलं. कप खाली ठेवून म्हणाले, "तू सदऱ्याचं माप घे. लग्नाचा सदरा शिवायचाय ना?"

"उभे राहा," बाई म्हणाल्या. "घ्या श्वास."

रामजी पोलीस भरतीतल्या पोरांसारखे छाती काढून उभे राहिले. बाईंनी टेप गुंडाळली. सोडा म्हणाल्या. पुन्हा घ्या म्हणाल्या. टेप जागची हलायला तयार नाही. लग्न झालं त्या साली त्यांनी नवऱ्याच्या पहिल्या सदऱ्याचं माप घेतलं होतं, तेव्हा रिकाम्या आणि भरल्या मापात चार बोटांचं अंतर होतं. लाजत लाजत दोनदा मोजलेलं, म्हणून पक्कं लक्षात होतं. आता त्या फटीत एक बोट मावेना, आणि तिसऱ्या श्वासाला रामजी खोकत खोकत कॉटवर बसले.

"उद्या दवाखान्यात जायचं," कमळाबाई म्हणाल्या.

"लग्न होऊ दे. मग बघू."

रामजींचे थोरले भाऊ, बुधाजीभावजी, याच खोलीत, याच कॉटवर बसून हेच म्हणाले होते. मुलीचं लग्न होऊ दे, मग बघू. मुलीच्या लग्नाच्या फोटोत त्यांची खुर्ची रिकामी आहे. तो फोटो अजून भिंतीवर आहे, आणि रामजी रोज त्याच्याखाली बसून विडी ओढतात.

कमळाबाईंनी लगेच सदरा बेतायला घेतला. जेवढं माप आलं तेवढंच कापलं, एक दोराही जास्त ठेवला नाही. हात चालत होते आणि डोळ्यांतून धार लागली होती. हा माणूस लग्नात उभा राहिला पाहिजे, आणि लग्नानंतरही राहिला पाहिजे. बाकी काही नको.

दोन दिवसांनी खोरशेदबाई आल्या. ऐंशी पार केलेली, काठीवर टेकत चालणारी आणि जिभेनं विशीतली अशी बाई. पणतवाच्या नवजोतीसाठी, म्हणजे पारश्यांच्या मुंजीसाठी, गाऱ्यावरचा, त्यांच्या भरतकामाच्या साडीवरचा, ब्लाउज हवा होता. कमळाबाईंनी श्वास घ्यायला लावला, तर म्हातारीची टेप झकास सरकली.

"बाई, तुमच्यात खरंच कुणी ओढत नव्हतं?" कमळाबाईंनी विचारलं.

"अरे कसा ओढेल? आग अमारा देव," खोरशेदबाई म्हणाल्या. "देवाला कोन तोंड लावते? माझा बाप घरात काडी पन फुंकून इजवायचा नाय. कायदा नव्हता, पोलीस नव्हता. फक्त लाज वाटायची एकमेकांची." मग त्यांनी आवाज उतरवला. "आता काय पन राहिला नाय. माझा भाचा फिरोज रोज एक पाकीट खलास करते. बोलते, आंटी, जमाना बदलला. मी बोलली, गधेड्या, जमाना बदलला, फेफसा तर तोच हाय ना?"

कमळाबाई हसल्या खऱ्या, पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. यांच्याकडे आग होती, म्हणून लाज होती. लाज गेली तशी सिगारेट आली. मग आपल्याकडे लाज वाटावी असं काय आहे? मशीनचं चाक फिरवता फिरवता त्या एकदम थांबल्या. आहे की! दर रविवारी विहारात सगळे एकासुरात म्हणतो ते काय आहे मग?

त्याच दुपारी त्यांनी महिला मंडळाला खोलीत बोलावलं. राधा, मंडळाची सेक्रेटरी, सगळ्यात आधी भडकली. "कमळावैनी, मशेरी सोडायची? अवो, मशेरीशिवाय सकाळी पोट साफ व्हत नाय माझं!"

"माझं तरी कुठे होतं गं? पण आपण मशेरी लावून त्यांना विडी सोडा कुठल्या तोंडानं सांगायचं? तेच काळं तोंड घेऊन?"

कुरकुर झाली, शिव्याही झाल्या, पण शेवटी तवे घासून फळीवर गेले.

रविवारी सकाळी विहारात वंदना सुरू झाली. मेणबत्त्या लागल्या, अगरबत्तीनं रामजींना एक ठसका दिला, त्यांनी तो गिळला. आचार्यांनी एकेक शील म्हणायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं, अशी रीत. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं. रामजींनी पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं, म्हटलं, "सुरामेरय..." आणि पुढचं सगळं. मागून फक्त दोघातिघा पुरुषांचा पुटपुटाट आला. बायका गप्प.

रामजींना वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी मोठ्यानं म्हटलं. बायका हाताची घडी घालून समोर बघत बसलेल्या.

"काय झालं?" रामजी म्हणाले.

कमळाबाई उठल्या. नवऱ्याला घरात झापणं वेगळं आणि बुद्धांसमोर, बाबासाहेबांसमोर उभं राहून बोलणं वेगळं. "आचार्य, जे आपण पाळत नाही ते म्हणायचं कशाला? आम्ही बायकांनी मशेरी सोडली, आज तिसरा दिवस. तुम्ही विडी सोडा. तोवर पाचवं शील आम्ही तुमच्या तोंडून घेणार नाही. मित्राच्या लग्नातसुद्धा नाही."

"सुरामेरय म्हणजे दारू!" रामजी गरजले. "विडीचं नाव कुठाय त्यात?"

"नाव घालून ठेवलं असतं तर तुम्ही चिलीम ओढली असती."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि बायकांचा बांध फुटला. रामजी लालबुंद झाले. पुढची गाथा त्यांनी कशीबशी उरकली आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

घरात मग अबोला. रामजी जिन्याखाली बसायचे, मुद्दाम दोन मजल्यांवर वास येईल असे ओढायचे. सून सीमा, मित्राची आई, मधल्यामधे निरोप्या झाली. "आई, आबा विचारतायत, मीठ कमी का?" "सांग त्यांना, विडीनं जीभ मेलीय." इकडे बायकांचे हाल कुत्रा खाईना. डोकी ठणकायची, नळावर भांडणं व्हायची. राधानं तर एका सकाळी रागानं नवऱ्याचा डबा रिकामाच दिला. कमळाबाई गिऱ्हाइकांवर खेकसायच्या, पण माप मात्र एकाही ब्लाउजचं हललं नाही.

एका सकाळी रामजी गॅलरीत आले तर कमळाबाई मोरीपाशी टूथब्रश धरून उभ्या. तोंडाला फेस, आणि फेसातून आसवं ओघळत होती. जन्मभर मशेरी लावलेल्या हिरड्यांना ती गोड पेस्ट नकोशी झाली होती.

"तू खरंच सोडलीस?" रामजींच्या तोंडून गेलं. त्या रविवारनंतर ते पहिल्यांदाच थेट बोलले.

"मग काय नाटक करते?" बाईंनी चूळ टाकली. "मला काय हौस आलीय? तुम्ही बुधाजीभावजींसारखे गेलात तर मी कुणाशी भांडू? सांगा ना, कुणाशी भांडू मी?"

रामजी आत गेले, खिसे उलटे केले, उशाखालचं काढलं, रेडिओच्या मागचंसुद्धा काढलं, आणि सगळी बंडलं आणून बायकोच्या हातात ठेवली. "जाळू नकोस," ते म्हणाले. "धूर होईल." बाईंनी ती बादलीत बुडवली आणि रडता रडता इतक्या हसल्या की सगळी गॅलरी बाहेर आली.

सोडणं तेवढ्यानं झालं असं नाही हं. रामजी दोनदा घसरले, दोन्ही वेळा राधानं पकडलं आणि अख्ख्या मजल्याला ओरडून सांगितलं. पण मग तपासणीलाही ते आपणहून गेले. मित्रा आणि कमळाबाई सोबत होत्या. मोठ्या यंत्रातून फोटो निघाले. रिपोर्ट येईपर्यंत कमळाबाईंनी एकाही कापडाला कात्री लावली नाही. दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण फोटोवरून नजर काढून म्हणाली, "आजोबा, गाठ नाही. फुप्फुसं मात्र थकलीत. गेलेलं सगळं परत येणार नाही, पण उरलेलं तुमचं आहे. सोडलीत ना? आता धरू नका. वर्षानं पुन्हा या."

परळपासून नायगावपर्यंत तिघं चालत आले. बसला पैसे नव्हते असं नाही, कमळाबाईंना बसून राहवेनाच. वाटेत दिसेल त्याला त्या सांगत होत्या, गाठ नाही, गाठ नाही. एका केळेवाल्यालाही सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "अच्छा हुआ अम्मा," आणि दोन केळी वर टाकली.

मग रामजींना भूक लागायला लागली. अशी भूक की सीमा रोज जास्तीच्या भाकऱ्या थापायची. रविवारी मटणाचा रस्सा वाटीनं नाही, ताटानं जायचा. सकाळी ते शिवडीपर्यंत चालून यायचे आणि जिना चढताना मधे थांबायचं विसरायचे. कमळाबाई म्हणाल्या, सदरा एकदा अंगात घालून बघा. पण रामजींचा जुना हट्ट, नवा सदरा पहिल्यांदा अंगात जायचा तो बुद्धांसमोरच. "आणि तुझं माप कधी चुकलंय काय?" ते म्हणाले. कमळाबाईंनी सदरा परत घडी करून ठेवला.

लग्नाच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. मित्रा पांढऱ्या साडीत, विकास पांढऱ्या सदऱ्यात, दोघांच्या डोळ्यांत हसू. पहिल्या रांगेत खोरशेदबाई गारा नेसून बसल्या होत्या, शेजारी भाचा फिरोज, च्युइंगम चघळत. म्हातारीनं त्याचं पाकीट सकाळीच जप्त केलं होतं. रामजी उभे राहिले. बाईंनी पाहिलं, सदरा छातीवर जरा ताणलेला वाटत होता. फोटोवाल्याचा लाइट असेल, त्यांनी मनाची समजूत घातली.

त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. मग रामजी थांबले. त्यांनी बायकांच्या रांगेकडे पाहिलं, नेमकं कमळाबाईंकडे. आणि पाचव्यासाठी पोटापासून, जुन्या मोर्च्यांतल्यासारखा, एक श्वास भरून घेतला.

टक्!

छातीवरचं बटण सुटलं, उडालं आणि नवरीच्या पुढ्यातल्या हारांच्या ताटात जाऊन पडलं. पण रामजींचा श्वास तुटला नाही. उघड्या सदऱ्यानिशी त्यांनी पाचवं शील एका दमात, खणखणीत म्हटलं. आणि मागून नायगावच्या बायकांनी ते असं उचललं की हॉलबाहेर पार्किंगमधला वॉचमन आत धावत आला.

विधी संपला तसे रामजी सवयीनं जिन्याकडे वळले, आणि वळता वळताच थांबले. मग परत येऊन बायकोसमोर उभे राहिले. "माप चुकलं तुझं, कमळे."

"आजी, ते काही फुप्फुस नाही," नवरी बटण हातात नाचवत म्हणाली. "ते आईच्या हातचं मटण आहे."

"काही का असेना!" कमळाबाई म्हणाल्या. "चुकलं बाई, चुकलं माझं माप!" आणि त्या हे भर हॉलमध्ये सगळ्यांना ओरडून सांगत सुटल्या. इतकी वर्षं जपलेलं नाव गेलं, आणि त्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

पंगत बसायच्या आधी त्यांनी पिशवीतून सुईदोरा आणि टेप काढली. रामजींना कोपऱ्यात उभं केलं, म्हणाल्या, घ्या श्वास. रामजींनी घेतला, मग सोडला. बाईंनी टेप पाहिली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा पाहिली. रिकाम्या आणि भरल्या मापाच्या फटीत दोन बोटं मावत होती. बटण त्यांनी जुन्या जागी लावलं नाही, पुढे सरकवून लावलं.